दुकानाची पायरी आणि कोर्टाची पायरी

शहाण्यानें कोर्टाची पायरी चढूं नये, ही म्हण आपल्या घराघरांतून इतकी मुरली आहे कीं, ती कोणीं, कोणत्या प्रसंगीं व कोणाच्या सोयीसाठीं प्रचारांत आणली याचा विचार करण्याची गरज आपणांस सहसा भासत नाहीं. जमिनीच्या तंट्यांत तीन तीन पिढ्या गारद झालेलीं घराणीं ज्यांनीं पाहिलीं, त्या वडीलधाऱ्यांच्या तोंडीं ती शोभतेहि. परंतु ज्याच्या हयगयीमुळें दुसऱ्याचें हाड मोडलें, त्याच्याहि तोंडीं हीच म्हण आयती येऊन बसते, आणि ऐकणारे तेथेंहि तितक्याच आदरानें मान डोलावतात, हें पाहून अलीकडे मला तिच्याविषयीं शंका येऊं लागली आहे.

आपल्याकडे कोणी पडलें म्हणजे समाचाराला येणारा मनुष्य पहिला प्रश्न विचारतो तो असा: 'कसे हो पडलांत?' या प्रश्नाच्या पोटांतच उत्तर दडलेलें असतें. लक्ष नव्हतें, चष्मा घरीं राहिला होता, वय झालें, साडेसाती चालू आहे, चार दिवसांपूर्वीं डावा डोळा लवत होता. पडणाराच्या पायाखालीं काय होतें, आणि तें तेथें कोणीं ठेविलें, हें विचारण्याचें कोणाच्या मनांत येत नाहीं. जणूं पडणें हा सर्वस्वीं पडणाराचाच उद्योग!

आमच्या शहराचें नांव २०२३ सालीं छत्रपति संभाजीनगर झालें. गुलमंडी मात्र गुलमंडीच राहिली. गुलमंडी, टिळक पथ, औरंगपुरा, मछली खडक हा भाग ज्यांनीं पाहिला आहे, त्यांना तेथील दुकानांची घडण ठाऊक असेल. कित्येक दुकानें जुन्या घरांच्या खालच्या मजल्यांत थाटलेलीं आहेत. रस्त्याचें पाणी आंत येऊं नये म्हणून जोतें उंच बांधलेलें असतें. पुढें दर कांहीं वर्षांनीं रस्त्यावर डांबराचा थर चढत जातो, रस्ता उंच होतो, आणि मूळच्या तीन पायऱ्यांच्या अडीच होतात. ती अर्धी पायरीच घातकी. पाय सवयीनें पुऱ्या पायरीचा हिशेब करून पडतो आणि खालीं जमीन अपेक्षेपेक्षां आधींच भेटते. त्यांत अलीकडे जुन्या दगडी पायऱ्यांवर गुळगुळीत ग्रॅनाइट बसविण्याची टूम निघाली आहे. हा दगड दिवाणखान्यांत खुशाल असावा. पावसाळ्यांत उघड्या पायरीवर त्याच्यासारखा विश्वासघातकी दगड दुसरा नसेल.

अशाच एका पायरीवरून २०२४ च्या श्रावणांत आमच्या वहिनी पडल्या. दुकानाचें नांव मी लिहीत नाहीं. प्रकरण अद्याप चालू आहे. वहिनींचें वय तेव्हां ६९ होतें. मुलींच्या एका शाळेंत ३१ वर्षें गणित शिकवून त्या निवृत्त झालेल्या. भाचीच्या मंगळागौरीसाठीं त्यांनीं ४,८०० रुपयांच्या दोन साड्या घेतल्या, पैसे दिले, पावती बटव्यांत ठेविली आणि त्या बाहेर निघाल्या. दुकानांतील पोरानें तेवढ्यांत फरशीवर फडकें मारून साबणाचें पाणी पायरीवरून खालीं लोटलें होतें. वहिनींचा पाय गेला तो थेट रस्त्यापर्यंत. डाव्या खुब्याचें हाड मोडलें. शस्त्रकर्म करून अर्धा सांधा कृत्रिम बसवावा लागला, आणि रुग्णालयाचें बिल अडीच लाखांच्या घरांत गेलें.

पैशांचें एक वेळ राहूं द्या. ज्या बाईनें चाळीस वर्षें पहाटे देवापुढें मांडी घालून बसण्यांत खंड पडूं दिला नाहीं, तिला आतां देवाशीं खुर्चीवर बसून बोलावें लागतें, आणि याचें त्यांना मनापासून अवघड वाटतें. माडीवरच्या खोलींत त्या आळींतल्या पांच-सहा मुलींना फुकट गणित शिकवीत. जिना बंद झाला, वर्ग बंद झाला. खालीं ओटीवर वर्ग भरवावा असें मीं सुचविलें. त्या म्हणाल्या, "भावजी, फळा वर आहे." फळा खालीं आणतां येईल, हें त्यांना ठाऊक नव्हतें असें नाहीं.

दुकानदार सज्जन गृहस्थ आहेत, हें लिहिलेंच पाहिजे. त्यांच्या आजोबांपासून आमचा त्या दुकानाशीं घरोबा. दुसऱ्याच दिवशीं ते पेढ्यांचा पुडा घेऊन रुग्णालयांत आले, वहिनींच्या पायां पडले, आणि 'हिशेबाचें काय तें पाहूं' असें आपण होऊन म्हणाले. महिन्याभरानें बिलाची नक्कल दाखविली तेव्हां मात्र त्यांचा सूर बदलला. "काकू, ती पायरी आमच्या आजोबांच्या वेळेपासूनची आहे. आजवर कोणी पडलें नाहीं. आणि आपण शहाणीं माणसें, कोर्टाची पायरी..." वहिनींनीं त्यांना वाक्य पुरें करूं दिलें नाहीं. "ती तुमच्या पायरीहून निसरडी आहे कीं काय, तें एकदां पाहूंच," असें त्या म्हणाल्या. त्या दिवशीं आमच्या घरांत तट पडले.

दादांचें म्हणणें, झालें तें झालें, पेठेंत तोंड दाखवायचें आहे. मामा नव्वदीचे. त्यांच्या वडिलांच्या वेळीं येथें निजामाची राजवट, अदालतीचें कामकाज उर्दूंत, आणि कागदावर काय लिहिलें आहे हें अशिलाला दुसऱ्याच्या तोंडून कळायचें. त्या काळची धास्ती मामांच्या हाडांत आहे, आणि ती निराधार म्हणवत नाहीं. उलट दादांचा धाकटा मुलगा न्यू जर्सींतून रोज फोनवर सांगे कीं, 'इकडे असतें तर दुकानच आपल्या नांवावर झालें असतें. कॉफी सांडली म्हणून इथल्या एका बाईला लाखों डॉलर मिळाले.'

ही कॉफीची गोष्ट आपल्याकडे विनोद म्हणून सांगितली जाते, आणि नेहमीं अर्धीच सांगितली जाते. न्यू मेक्सिको संस्थानांतील अल्बुकर्क शहरीं १९९२ च्या फेब्रुवारींत ७९ वर्षांच्या एका आजीबाईंनीं मॅकडोनाल्डच्या उपाहारगृहांतून कॉफी घेतली आणि उभ्या मोटारींत साखर घालण्यासाठीं झांकण काढतांना पेला मांडीवर उपडा झाला. लोक येथेंच थांबून हसतात. पुढें असें झालें कीं, कातडीच्या सगळ्या थरांतून भाजून त्यांना आठ दिवस रुग्णालयांत काढावे लागले, त्वचारोपण करावें लागलें. त्यांनीं प्रथम मागितले सुमारें २०,००० डॉलर. कंपनीनें देऊं केले ८००. खटल्यांत असें बाहेर आलें कीं, अशाच भाजण्याच्या ७०० तक्रारी मागील दहा वर्षांत कंपनीपाशीं येऊन पडल्या होत्या. १९९४ सालीं पंचांनीं दोष वांटून दिला: आजीबाईंचा २० टक्के, कंपनीचा ८०. त्यामुळें २ लाखांची भरपाई १ लाख ६० हजारांवर आली. जरब बसावी म्हणून पंचांनीं जो २७ लाखांचा दंड सांगितला होता, तो न्यायाधीशांनीं ४ लाख ८० हजारांवर उतरविला, आणि अखेर उभय पक्षांनीं आपसांत मिटविलें. म्हणजे दुकान कोणाच्याहि नांवावर झालें नाहीं. मला या हकीकतींत तो २० टक्क्यांचा आंकडा फार आवडला. चूक दोघांची असूं शकते आणि तरीहि दोघांची सारखी नसते, हें आपल्या घरगुती भांडणांत कोणाला सुचतें?

शेवटीं वहिनींच्या एका जुन्या विद्यार्थिनीला बोलावलें. आमच्याकडे मुंबई उच्च न्यायालयाचें खंडपीठ १९८१ च्या २७ ऑगस्टपासून आहे, आणि ही मुलगी तेथें वकिली करते. तिनें फी घ्यायचें नाकारलें. वहिनींनीं फुकट सल्ला घ्यायचें नाकारलें. चहा निवेपर्यंत हा वाद चालला. मग ती म्हणाली, "बाई, आधीं पावती दाखवा."

पावतीचें एवढें महत्त्व कां, हें मला तेव्हां उमगलें नाहीं. तिनें सांगितलें तें असें. वाटा दोन. एक दिवाणी न्यायालयाची. तेथें 'अपकृत्य' या नांवाखालीं भरपाईचा दावा लावावयाचा. जागेवर येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या सुरक्षिततेविषयीं जागेच्या मालकाचें कर्तव्य काय, याचा इंग्लंडांत १९५७ सालीं स्वतंत्र कायदाच झाला. आपल्याकडे तसा कायदा नाहीं. न्यायाधीशांचे जुने-नवे निवाडे हाच आधार. दुसरी वाट ग्राहक आयोगाची. १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा जाऊन २०१९ चा नवा आला आणि २०२० च्या २० जुलैपासून लागू झाला. दोन वर्षांच्या आंत तक्रार करावयाची. खरेदी ५ लाखांपर्यंतची असल्यास फी नाहीं. वकील दिलाच पाहिजे असें नाहीं. अर्ज केल्यास घरबसल्या पडद्यावरून सुनावणीची परवानगी मिळूं शकते. म्हणजे ज्या पायरीची एवढी भीति, ती चढावी लागेलच असेंहि नाहीं. पण या दारांतून आंत जाण्यास मनुष्य 'ग्राहक' असला पाहिजे, म्हणजे त्यानें पैसे मोजलेले असले पाहिजेत. नुसत्या साड्या उलगडून पाहून परत निघालेली बाई त्याच पायरीवरून पडली, तर ती ग्राहक नव्हे. म्हणून पावती.

या कायद्याच्या मागें आपल्याच माणसांचे कष्ट आहेत हें पुष्कळांना ठाऊक नसतें. पुण्यास १९७४ सालीं बिंदुमाधव जोशी यांनीं ग्राहक पंचायत काढली तेव्हां ग्राहकाला हक्क असतात ही कल्पनाच बाजारांत नवी होती. साबण-तेलाचे जिन्नस एकत्र घेऊन घरोघर वांटणाऱ्या मंडळींना आमच्यापैकीं कित्येकांनीं तेव्हां हंसून घेतलें.

"पण," वकीलबाई पुढें म्हणाल्या, "साडी चांगली निघाली आहे. पायरी ही सेवा कीं नाहीं, यावर ते भांडतील. गिऱ्हाइकाला सुखरूप आंत घेणें आणि सुखरूप बाहेर सोडणें हा विक्रीचाच भाग आहे, असें आपण म्हणूं. निकाल काय लागेल हें मी सांगत नाहीं." वकिलानें निकाल सांगण्याचें नाकारावें, हें मला फार विश्वासाचें लक्षण वाटलें.

आणि पैसे न मोजणाऱ्याचें काय? याचें उत्तर इंग्रजी कायद्यानें एका गोगलगाईपासून मिळविलें. स्कॉटलंडांत पेझली नांवाच्या गांवीं १९२८ च्या ऑगस्टांत एका बाईला तिच्या मैत्रिणीनें उपाहारगृहांत आल्याच्या पेयाची बाटली घेऊन दिली. अर्धी प्याल्यावर उरलेली ओतली तों आंतून कुजलेली गोगलगाय निघाली, असें तिचें म्हणणें. ती आजारी पडली. बाटलीचे पैसे मैत्रिणीनें दिलेले. या बाईचा कोणाशीं करारच नव्हता. उमरावांच्या सभागृहानें १९३२ सालीं तीन विरुद्ध दोन मतांनीं ठरविलें कीं, माझ्या कृतीनें ज्याला इजा होईल हें मला आधीं दिसावयास हवें, तो माझा शेजारी, आणि शेजाऱ्याला जपणें हें पैशांच्या देवघेवीवर अवलंबून नाहीं. जगभरच्या हयगयीच्या दाव्यांना हा निवाडा पायाभूत मानतात. त्या बाटलींत गोगलगाय खरोखर होती कीं नव्हती, हें मात्र न्यायालयांत कधींच सिद्ध झालें नाहीं; त्याच्या आधींच तडजोड झाली.

वकीलबाईंनीं पहिलें पत्र धाडलें तें पैशांसाठीं नव्हतें. दुकानांतील सीसीटीव्हीचें त्या दिवसाचें चित्रण जपून ठेवावें, एवढेंच त्यांत होतें. उत्तर आलें कीं, यंत्र पंधरा दिवसांनीं जुनें चित्रण आपोआप पुसतें. तेव्हां महिना उलटून गेला होता. कोणावर असा प्रसंग आल्यास हें पत्र मात्र पहिल्या आठवड्यांतच द्यावें.

राहतां राहिली साक्ष. त्या पायरीच्या कोपऱ्याला एक गजरेवाली बसते. तिनें आमच्या कामवालीला सहज सांगितलें कीं, आदल्या पावसाळ्यांत तेथें दोघीजणी घसरल्या होत्या. एकीचा मनगटाचा सांधा निखळला. 'आजवर कोणी पडलें नाहीं' या वाक्याला एवढी साक्ष पुरेशी होती. दादांचाहि आतां रंग पालटला. ते तिचें नांव लिहून आणायला निघाले. वहिनींनीं त्यांना थांबविलें. ती बाई दुकानदाराच्या मर्जीवर तेथें बसते. साक्ष दिली कीं तिची जागा जाईल. "माझा खुबा मोडला तो मोडला, तिचा संसार कशाला मोडायचा?" आम्हीं पुष्कळ समजाविलें. गणिताच्या बाईंपुढें कांहीं चाललें नाहीं.

मग साक्षीवांचून दावा उभा राहणार कसा? येथें मला एक जुनी हकीकत वाचावयास मिळाली. लिव्हरपूल शहरांतील स्कॉटलंड रोड नांवाच्या रस्त्यानें एक मनुष्य चालला असतां एका पिठाच्या व्यापाऱ्याच्या दुकानाच्या वरच्या खिडकींतून पिठाचें पिंप त्याच्या अंगावर पडलें. पिंप कसें सुटलें, दोर कोणीं सोडला, हें पाहणारा एकहि साक्षीदार नव्हता, आणि खालच्या न्यायालयानें दावा काढून टाकला. वरिष्ठ न्यायालयानें १८६३ सालीं तो निर्णय फिरविला. पिठाचीं पिंपें आपण होऊन खिडकींतून बाहेर उड्या घेत नाहींत. पिंप दुकानदाराच्या ताब्यांत होतें. तेव्हां तें कसें पडलें हें त्यानें सांगावें, मार खाणाऱ्यानें नव्हे. जखमीला ५० पौंड मिळाले. घडलेली गोष्टच बोलते, या अर्थाचें लॅटिन सूत्र, 'रेस इप्सा लोक्विटर', तेव्हांपासून न्यायालयांत रूढ झालें.

याच्याहून आमच्या प्रकरणाला जवळची गोष्ट त्याच लिव्हरपूल शहरांतील. टेस्को कंपनीच्या मोठ्या दुकानांत १९७४ सालीं खरेदी करतांना एक बाई जमिनीवर सांडलेल्या दह्यावरून घसरली. दुकानाचें म्हणणें, आम्ही दिवसांतून पांच-सहा वेळां झाडतों; दहीं कोणा गिऱ्हाइकानें सांडलें असेल, आणि तें किती वेळ तेथें होतें हें वादीनेंच दाखवावें. १९७६ सालीं अपील न्यायालयांतील तिघांपैकीं दोघांनीं हें मानलें नाहीं. असें सांडणें आठवड्यांतून दहा वेळां होतें हें दुकानाला ठाऊक होतें; तें लगोलग पुसलें जाईल अशी व्यवस्था होती हें त्यानें दाखवायला हवें होतें. बाईला मिळाले १३७ पौंड आणि ५० पेन्स. एवढ्याशा रकमेसाठीं तिघे न्यायमूर्ति बसले हें वाचून दादा चकित झाले. मला त्यांत त्या देशाचा थोरपणा दिसला. आमच्या पायरीवरचें पाणी तर दुकानाच्याच पोरानें लोटलेलें!

'आजोबांच्या वेळेपासूनची पायरी' याचेंहि उत्तर आपल्याच सर्वोच्च न्यायालयानें दिलेलें आहे. दिल्लीच्या चांदणी चौकांतील घड्याळाचा मनोरा १९५१ सालीं कोसळून माणसें मेलीं. मनोरा ८० वर्षांचा. तशा बांधकामाचें आयुष्य ४०-४५ वर्षें. रस्त्यालगतच्या इमारतीच्या मालकानें ती तपासत राहिलें पाहिजे, आणि दोष दिसत नव्हता ही सबब चालणार नाहीं, असा निवाडा १९६६ सालीं झाला. इमारत जुनी असणें हें मालकाचें संरक्षण होण्याऐवजीं त्याचें ओझें होतें, असा याचा अर्थ. गुलमंडींतल्या जुन्या वाड्यांकडे पाहतांना मला हा निवाडा वारंवार आठवतो.

हें सारें साहेबाचें, आपल्या शास्त्रांत असलें कांहीं नाहीं, असें मामा म्हणाले. मनुस्मृतीचा आठवा अध्याय मीं त्यांच्यापुढें ठेविला. सारथी अडाणी असल्यामुळें गाडी वांकडी जाऊन कोणाला इजा झाली, तर दंड गाडीच्या धन्याला, २०० पणांचा. सारथी वाकबगार असूनहि चुकला तर दंड सारथ्याला. साबणाचें पाणी लोटणाऱ्या पोराला शिकविलें कोणीं, हा प्रश्न यापेक्षां वेगळा तो कोणता? दंड राजाच्या खजिन्यांत जाई हें खरें. परंतु त्याच अध्यायांत अवयवाला इजा करणाऱ्यानें जखमी मनुष्य बरा होईपर्यंतचा खर्च द्यावा असें सांगितलें आहे, आणि त्याला 'समुत्थानव्यय' असा सुंदर शब्द योजिला आहे. पुन्हां उठून उभें राहण्याचा खर्च! त्याच अध्यायांत वर्ण पाहून शिक्षा कमीजास्त केली आहे, ती आज कोणी मानणार नाहीं आणि मानूंहि नये. शब्द मात्र ठेवण्यासारखा आहे. वहिनींनीं तो वहींत लिहून घेतला.

आणि लिव्हरपूलचें तें पिंप एकदां आमच्या गांवींहि येऊन गेलें आहे. १९६३ च्या जुलैंत येथील सरकारी रुग्णालयांत एक बाई बाळंतपणासाठीं आली. मूल झालें. तीन दिवसांनीं तिच्यावर संततिप्रतिबंधाचें शस्त्रकर्म झालें, आणि मग ताप व वेदना थांबेनात. १९ जुलैस पोट पुन्हां उघडलें तेव्हां आंत पुसण्याचें फडकें राहून गेलेलें आढळलें. २४ जुलैस ती मरण पावली. नवऱ्यानें व मुलांनीं येथल्याच न्यायालयांत दावा लावला. येथल्या न्यायाधीशांनीं ३६,००० रुपयांचा हुकूमनामा दिला. उच्च न्यायालयानें तो फिरविला. सर्वोच्च न्यायालयानें १९९६ च्या फेब्रुवारींत तो पुन्हां कायम केला. तेथेंहि प्रश्न हाच होता कीं, फडकें कोणत्या डॉक्टरच्या हातून राहिलें हें कसें सिद्ध व्हावें? न्यायालय म्हणालें, तें शोधण्याचें कारण नाहीं. फडकें आपण होऊन पोटांत राहत नाहीं. हयगय रुग्णालयाच्या माणसांची, आणि म्हणून भरपाई सरकारची. पिंप पडल्याला तेव्हां, १९६३ सालीं, बरोबर शंभर वर्षें झालीं होतीं.

परंतु १९६३ पासून १९९६ पर्यंत तेहतीस वर्षें! त्या जुलैंत जन्मलेलें मूल निकालाच्या दिवशीं बत्तिशी ओलांडलेलें असणार. मामांची म्हण येथें मला पुन्हां ऐकूं येते, आणि या वेळीं तिला उत्तर देतां येत नाहीं. रकमेचेंहि तेंच. जमशेदपूरच्या एका समारंभांत १९८९ च्या मार्चांत मंडपाला आग लागून जी प्राणहानि झाली, तिच्या भरपाईच्या निवाड्यांत सर्वोच्च न्यायालयानें २००१ सालीं गृहिणींच्या घरकामाचें मोल महिना ३,००० रुपये धरलें, म्हणजे वर्षाला ३६,०००. आमच्या गांवच्या त्या बाईच्या उभ्या आयुष्याचा हुकूमनामा तेवढ्याच आंकड्याचा होता. त्याच २००१ च्या निवाड्यांत ६२ ते ७२ वयाच्या वृद्ध स्त्रियांचें मोल वर्षाला २०,००० लावलें आहे. तें वाचून वहिनी बराच वेळ कांहीं बोलल्या नाहींत. मग म्हणाल्या, "बासष्टाव्या वर्षीं बाई निम्म्या किंमतीला येते, असें का ह्यांना वाटतें? भागाकार तपासायला हवा."

तक्रार २०२५ च्या जानेवारींत दाखल झाली. दुकानदारांच्या कैफियतींत लिहिलें आहे कीं, तक्रारदार बाईंचा पाय स्वतःच्या निऱ्यांत अडकला. एकतीस वर्षें साडी नेसून शाळेचे चार जिने रोज चढणाऱ्या-उतरणाऱ्या बाईला हा आरोप खुब्याहून जास्त लागला! कैफियत दाखल होण्यापूर्वींच त्यांनीं ती ग्रॅनाइटची पायरी फोडून खरबरीत दगडाची रुंद पायरी बांधली आणि बाजूला लोखंडी कठडा बसविला; असें केल्यानें दोष कबूल केला असा अर्थ काढूं नये, अशीहि एक ओळ त्या कागदांत आहे. वहिनींचें म्हणणें, ती ओळ राहूं द्या. पायरी झाली ना?

नव्या कायद्यांत मध्यस्थीची सोय आहे, आणि दोन्ही बाजूंनीं ती पत्करली आहे. बैठक पुढील महिन्यांत आहे. मागणीचा कागद वहिनींनीं स्वतः आंखला: शस्त्रकर्म, औषधें, काठी, व्यायाम शिकविणाऱ्याची फी, स्वयंपाकाच्या बाईंचा चौदा महिन्यांचा पगार. वरती मथळा 'समुत्थानव्यय'. दादांनीं मनस्तापाचा रकाना घालण्याचा आग्रह धरला तेव्हां तोहि घातला आहे. त्यांत आंकडा अजून लिहिलेला नाहीं. पुतण्या न्यू जर्सीहून रोज एक नवा आंकडा सुचवितो.

परवां मी त्या बाजूनें गेलों होतों. नवा कठडा बरोबर त्या कोपऱ्यावर आला आहे, त्यामुळें गजरेवालीला टोपली ठेवायला जागा राहिली नाहीं. ती आतां समोरच्या भांड्यांच्या दुकानापुढें बसते. म्हणजे आतां ती साक्ष द्यायला मोकळी झाली, असें वकीलबाई म्हणतात. वहिनींनीं तिला अजून विचारलेलें नाहीं.